मावशी जगो, पण कशावर?

‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण आपण इतकी सहज उच्चारतो की तिच्यात एक आख्खी समाजव्यवस्था गृहीत धरलेली आहे, हे ध्यानातच येत नाही. मूल पोरकं झालं तरी नात्यातली एखादी बाई त्याला पदराखाली घेईल, त्याच्या पानात वाढेल, तापानं फणफणलं तर उशाशी बसेल, असा भरवसा त्या चार शब्दांत आहे. मावशी जगेल कशावर, हे मात्र म्हण सांगत नाही. घरात धान्य असे, दारात दुभतं असे, हाताखाली चार माणसं असत. एक पोर जास्त झालं तर ताटात थोडं कमी वाढून भागत असे. एचआयव्हीनं नेमकं हेच मोडलं. हा विषाणू घरातलं एक माणूस नेऊन थांबत नसे. नवऱ्यापाठोपाठ बायको जाई, आणि दोघंही ऐन कमावत्या वयातली. औषधं मिळत नव्हती त्या काळात आजारपण वर्षानुवर्षं चाले. त्यात आधी दागिने जात, मग जनावरं, मग जमीन. मूल मावशीच्या दारात पोचे तेव्हा त्याच्याबरोबर कर्ज येई आणि शेजाऱ्यांचा संशय येई. या प्रकरणात मला एकच गोष्ट मांडायची आहे. एचआयव्हीनं पोरक्या झालेल्या मुलांना ‘समाजानं आधार द्यावा’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘समाज’ हा शब्द उघडून पाहिला की आत बहुतेक वेळा एकच बाई सापडते. ती आजी असते, मावशी असते, नाहीतर विधवा झालेली आणि स्वतः औषधावर असलेली आई असते. या बाईचं घर उभं राहील अशी मदत करणं, हाच अनाथांना आधार देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. गेल्या तीस वर्षांतलं संशोधन बऱ्याच वळणांनी शेवटी याच ठिकाणी येऊन पोचलं आहे.

आधी ‘अनाथ’ या शब्दाचा हिशेब करू. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी कुणी एक जरी गेलं तरी अठरा वर्षांखालचं मूल अनाथ मोजलं जातं. या मोजणीनं 2015 मध्ये जगात सुमारे 14 कोटी अनाथ मुलं होती. पण आई आणि वडील दोघंही नसलेली त्यांत दीड कोटीच्या आसपास. म्हणजे दहांतल्या जवळपास नऊ मुलांचा एक पालक जिवंत होता. मराठीत ‘अनाथ’ म्हटलं की डोळ्यांसमोर आश्रमाच्या व्हरांड्यात ओळीनं बसलेली मुलं येतात, आणि दान देणाऱ्याचा हात आपोआप त्या व्हरांड्याकडे वळतो. आकडे सांगतात की बहुसंख्य पोरकी मुलं कुठल्यातरी घरात, कुणाच्यातरी जवळ झोपतात. मदतीचा पत्ता चुकतो तो इथे, पहिल्याच पायरीवर.

पोरक्या मुलाला सांभाळण्याची आपली स्वतःची रीत होती, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. पुण्यात काय नि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यांत काय, गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे स्थिरावली आणि पुढे शहरच झाली, त्या लष्करात मराठी माणसानं आपल्याबरोबर सणवार आणले, पंगती आणल्या आणि ही रीतही आणली. हिची बांधणी हुशार होती. कुणा एका घरावर सगळा भार नाही, दिवस ठरलेला, मागण्याची वेळ रोज येत नाही. पुण्याचं 1909 चं अनाथ विद्यार्थी गृह, जे आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखलं जातं, ते याच माधुकरीच्या संस्कृतीतून वर आलं. पण या रीतीला कुंपण होतं. वार मिळे तो ब्राह्मणाच्या मुलाला. मुलीला नाही, इतर जातींच्या पोराला नाही. ते कुंपण ओलांडायला वेगळी माणसं लागली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी विधवांच्या मुलांसाठी दार उघडलं, पंढरपुरात 1875 मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम काढला, शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, आणि भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं. यातून मला दिसतं ते असं: समाजाचा आधार ही खरी गोष्ट आहे, पण तो कुणाला मिळायचा हे समाज निवडून ठरवतो. ज्याला आपण ‘आपला’ म्हणत नाही त्याच्यापर्यंत तो आपणहून पोचत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत नेमकी हीच निवड झाली. 1986 मध्ये चेन्नईत भारतातली पहिली लागण उघडकीला आली, आणि नव्वदच्या दशकाअखेर पश्चिम महाराष्ट्र, सोलापूर, मराठवाडा इथल्या गावोगावी तरुण जोडपी मरत होती. नातेवाइकांनी दारं लावली म्हणून संस्था जन्मल्या. पुण्याजवळ विजयाताई लवाटे यांनी ‘मानव्य’ 1997 मध्ये सुरू केली. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी 2001 मध्ये ‘पालवी’ उभी केली. ज्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी बालकाश्रम निघाला होता, त्याच गावात पुन्हा एकदा टाकून दिलेल्या मुलांसाठी घर बांधावं लागलं. अहिल्यानगरला (तेव्हाचं अहमदनगर) गिरीश कुलकर्णींचं ‘स्नेहालय’, बीडजवळ दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’. या माणसांनी जे केलं त्याचं मोल मोजता येणार नाही. त्यांनी पत्करलं नसतं तर ती मुलं मेली असती, इतकं ते साधं आहे. हासेगावात तर 2009 मध्ये ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊ लागली तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. एका वर्गात बसून, एका माठातलं पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही, हे विज्ञान तोवर वीस वर्षं जुनं झालं होतं. गावाची भीती त्या विज्ञानाला बधली नाही.

म्हणून पहिला आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. नातेवाइकांनी हाकललं, गावानं शाळेवर बहिष्कार टाकला, तरी मूल कुटुंबात आणि समाजातच ठेवा असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? या आक्षेपाच्या बाजूनं भक्कम पुरावाही आहे. अ‍ॅन केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या दहा देशांच्या पाहण्या तपासून 2004 मध्ये दाखवलं की पोरकी मुलं ज्या घरात राहतात, त्याच घरातल्या इतर मुलांपेक्षा ती शाळेत कमी जातात. आणि घरच्या कर्त्याशी त्यांचं रक्ताचं नातं जितकं लांबचं, तितकी शाळा दूर. म्हणीतली मावशी मावशीच असते, पण मावशीचा दीर तसा नसतो, हे आकड्यांनीही सिद्ध झालं. पुढे ड्यूक विद्यापीठाच्या कॅथरीन व्हेटन यांच्या गटानं पाच देशांतली सहा ते बारा वर्षांची पोरकी मुलं पाहिली, त्यांत आपल्याकडचं हैदराबाद आणि नागालँडही होतं. संस्थेत राहणारी 1,357 आणि घरी राहणारी 1,480. 2009 मध्ये निष्कर्ष आला की संस्थेतली मुलं आरोग्यात, बुद्धीत, वागणुकीत मागे नव्हती. काही बाबतींत किंचित पुढेच होती. अनाथाश्रमांवर सरसकट काट मारणाऱ्यांना हा निष्कर्ष अडचणीचा वाटला, आणि तो तसा वाटायलाच हवा होता.

पण तो नीट वाचला पाहिजे. त्याच गटाच्या पुढच्या कामात असं दिसलं की संस्था आणि घर यांच्यातल्या फरकापेक्षा घराघरांतला आणि संस्थासंस्थांतला फरक कितीतरी मोठा आहे. चांगली संस्था वाईट घरापेक्षा चांगली. चांगलं घर वाईट संस्थेपेक्षा चांगलं. मग प्रश्न बदलतो. घर चांगलं कशानं होतं? शिवाय सहा वर्षांचं मूल आणि सहा महिन्यांचं मूल एका मापानं मोजता येत नाही. रोमानियात बुखारेस्टला 2000 पासून 136 अर्भकांवर जो प्रयोग झाला, त्यात संस्थेतून काढून मानधनावरच्या पालक-कुटुंबांत ठेवलेल्या बाळांची बुद्धी आणि जिव्हाळा संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगला वाढला, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा सर्वांत जास्त. तान्ह्या मुलाला एक ठरलेला चेहरा लागतो. पाळीपाळीनं येणाऱ्या आठ प्रेमळ मावश्याही त्या एका चेहऱ्याची जागा घेऊ शकत नाहीत. आपल्या 2015 च्या बालन्याय कायद्यानंही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. झिंबाब्वेनं 1999 च्या धोरणात अशीच उतरंड लावली: आधी नातेवाईक, मग शेजारपाजारची कुटुंबं, संस्था सर्वांत शेवटी.

त्याच झिंबाब्वेतल्या मुटारे शहराजवळ जेफ फॉस्टर या बालरोगतज्ज्ञानं 1992 मध्ये 570 घरांची पाहणी केली होती. जवळपास 18 टक्के घरांत पोरकी मुलं होती, आणि बहुतेकांना विस्तारित कुटुंबं हाल सोसून का होईना नीट सांभाळत होती. मला त्यातलं दुसरं निरीक्षण फार मोलाचं वाटतं. तिथली परंपरा अशी की पोरकं मूल बापाकडच्या नात्यात राहायचं. पण प्रत्यक्षात ती मुलं आईकडच्या नातेवाइकांकडे वळू लागली होती. आपल्या कानाला हे परकं वाटणार नाही. आपल्याकडेही पोरक्या मुलाच्या बाबतीत हक्क एका घरात आणि कष्ट दुसऱ्या घरात, अशी विभागणी सहज होते. जमिनीचा कागद चुलत्यांच्या ताब्यात (त्याला सातबारा म्हणा की ग्वाल्हेरकडे खसरा-खतौनी म्हणा) आणि मूल आजोळी. ज्या आजीनं ते वाढवायचं तिला त्या शेतातला एक दाणाही मिळत नाही. समाजाचा आधार कमी पडतो असं आपण म्हणतो, तेव्हा मायेची टंचाई क्वचितच असते. आधार देणाऱ्या हातात साधनं नसतात. फॉस्टर यांच्या शोधातून पुढे जे काम उभं राहिलं ते साधं होतं: गावातल्याच बायका ठरलेल्या घरांना नियमित भेटी देत, मूल शाळेत जातं का, अंथरूण आहे का, घरात धान्य आहे का हे पाहत, आणि लागेल तिथे थोडी मदत पोचवत. वाराच्या सात घरांसारखीच बांधणी. फरक इतकाच की इथे मूल घरोघर फिरत नाही, आधार मुलाच्या घरी येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. घरात रोख पैसे दिले तर ते दारूत जातील, काकाच्या खिशात जातील, मुलाला दिसणारही नाहीत, असं अनेक भली माणसं मनापासून म्हणतात. हा अंदाज तपासून पाहिला गेला आहे. केनियानं 2004 मध्ये पोरकी मुलं सांभाळणाऱ्या गरीब घरांना नियमित रक्कम द्यायला सुरुवात केली. मुलं माध्यमिक शाळेत जाण्याचं प्रमाण वाढलं. झिंबाब्वेतल्या मॅनिकालँडमध्ये रोख मदत मिळालेल्या घरांतल्या मुलांच्या जन्मनोंदी आणि शाळेतली हजेरी सुधारली, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. दक्षिण आफ्रिकेत लूसी क्लूव्हर यांच्या गटाला आणखी पुढचं दिसलं: ज्या किशोरवयीन मुलामुलींना घरी अनुदान मिळत होतं आणि शिवाय पालकांची किंवा शिक्षकाची माया व लक्षही मिळत होतं, त्यांच्यात एचआयव्हीचा धोका ओढवून घेणारं वर्तन निम्म्याहून कमी झालं. पैसा मायेची जागा घेत नाही. पण रोजंदारी बुडवून मुलाला दवाखान्यात न्यायचं की नाही, हा हिशेब ज्या आजीला रोज करावा लागतो, तिच्या मायेला पैशानंच वाव मिळतो. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत ही रक्कम महिन्याला 425 रुपये होती, मग 1,100 झाली, आणि 2023 मध्ये 2,250. मध्य प्रदेशात 2022 च्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला महिन्याला 4,000 रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्वही 4,000 रुपयांचं, आणि ते विधवेच्या मुलांना व जीवघेण्या आजारानं ग्रासलेल्या आईवडिलांच्या मुलांनाही लागू आहे. या शेवटच्या तरतुदीचं महत्त्व फार मोठं आहे. आईवडील मरायची वाट न पाहता मदत सुरू होऊ शकते, आणि आई जगवणं हे अनाथालय बांधण्यापेक्षा केव्हाही स्वस्त आणि मायेचं काम आहे.

इथे कुणी विचारेल की आता औषधं आहेत, मग हा विषय उरला कुठे? भारतात 1 एप्रिल 2004 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळतात, 2006 पासून मुलांसाठीही, आणि 2017 पासून निदान होताच उपचार सुरू होतात. आज देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, त्यांतले चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. आणि नियमित औषध घेणारा माणूस साठी-सत्तरीही गाठू शकतो. अनाथपण थोपवणारं याहून मोठं साधन जगात नाही, हे मान्यच. पण ते साधन चालतं कसं, ते घरात जाऊन पाहावं. लहान मुलासाठी डोल्युटेग्राविरच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असतात. आजी वाटीत चार चमचे पाणी घेते, गोळ्या टाकते, बोटानं नव्हे तर चमच्यानं ढवळते, मुलाला पाजते, आणि तळाशी राहिलेला गाळ जाऊ नये म्हणून पुन्हा थोडं पाणी घालून तेही पाजते. मोठ्या माणसाला रोज एक गोळी. हे एक दिवस नाही, जन्मभर. तेरा-चौदाव्या वर्षी पोरगं विचारू लागतं, ‘मलाच का?’ आणि गोळी उशीखाली लपवू लागतं. औषध कारखान्यात होतं, सरकारी केंद्रातून मिळतं, पण ते मुलाच्या पोटात जातं आजीच्या हातानं. आजी थकली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. नव्वदच्या दशकात आणि नंतर जन्मलेली संस्थांमधली मुलं आता अठरा ओलांडून बाहेर पडत आहेत. त्यांना औषध माहीत आहे, पण सणाला जायला घर नाही. मग हा विषय संपला कसा म्हणायचा?

त्या गोळ्यांच्या डबीकडे आणखी थोडं जवळून पाहू. ती पांढरी प्लास्टिकची डबी हलवली की खुळखुळते. अनेक घरांत गोळ्या तिच्यातून काढून साध्या स्टीलच्या डबीत भरतात, तळाशी कापूस घालतात म्हणजे आवाज होत नाही, आणि उपचाराची हिरवी पुस्तिका ट्रंकेत कपड्यांखाली जाते. लष्करच्या गोठींतल्या, म्हणजे जुन्या वस्त्यांतल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत अशी डबी लपवणं किती अवघड असेल, याचा विचार करावा. केपटाउनमधल्या अभ्यासात क्लूव्हर यांना दिसलं की एड्सनं आईबाप गेलेल्या मुलांमध्ये खिन्नता आणि मानसिक आघाताची लक्षणं इतर कारणांनी पोरक्या झालेल्या मुलांपेक्षा जास्त होती, आणि या फरकाचा मोठा भाग लोकांच्या हेटाळणीनं समजावता येत होता. मरण सगळ्यांच्या वाट्याला सारखंच आलं होतं. त्यानंतर शेजारी काय बोलले, यात फरक पडला. म्हणून ‘एचआयव्हीग्रस्त अनाथांसाठी’ अशी पाटी लावलेली मदत, पाटी लावलेली गाडी, फोटो काढून केलेलं वह्यावाटप, हे मुलाला वह्या देतं आणि त्याचं नाव घालवतं. मदत गरजेच्या निकषावर द्यावी, आजाराच्या नाही. मध्य प्रदेशात लागणीचं प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी आहे; भिंड-मुरैनाकडून उपचारासाठी लोक ग्वाल्हेरला जयारोग्य रुग्णालयात येतात, ते शक्यतो आपल्या गावापासून लांब, कुणी ओळखू नये म्हणून. प्रमाण कमी असलेल्या ठिकाणी वेगळी व्यवस्था कशाला, असं कुणी म्हणेल. उलट आहे. जिथे अशी घरं थोडी, तिथे प्रत्येक घर जास्त एकटं असतं, आणि तिथे कुणाचाही आजार न विचारणारी सर्वसाधारण योजनाच त्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

कायदा या बाबतीत आपल्या समाजाच्या पुढे गेला आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यात शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी आहे, माणसाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे, आणि बाधित मुलांच्या मालमत्तेचं रक्षण करणं सरकारवर बंधनकारक आहे. आजोळी वाढणाऱ्या मुलाच्या शेताचा कागद चुलत्याकडून सोडवायला हा आधार आहे. आईवडिलांना जिवंतपणीच लेखी पालक नेमता येतो, म्हणजे आई अंथरुणाला खिळली त्या दिवसापासून आजीची किंवा मावशीची सही शाळेत आणि बँकेत चालते. आणि एक तरतूद वाचताना मन थबकतं: बाधित कुटुंबाचा कारभार पाहणारं, पुरेशी समज असलेलं बारा ते अठरा वर्षांचं भावंड आपल्या धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं, शाळाप्रवेशासाठी, उपचारांसाठी, बँकखात्यासाठी. संसदेनं हे लिहिलं कारण अशी घरं आहेत. तिथे ‘समाजाचा आधार’ म्हणजे बारा वर्षांची एक मुलगी आहे.

म्हणून वाचकाला एक विनंती. तुमच्या गल्लीत एखादी आजी नातवंडांना एकटीनं सांभाळत असेल, तर आईबाप कशानं गेले हे तिला विचारू नका. मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूदाखले, आधार आणि बँकेचं पासबुक ही कागदपत्रं जमवायला तिला मदत करा, आणि तिच्याबरोबर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जा. एका दिवसात काम होत नाही, दोनतीन खेपा लागतील. मुलांच्या अडचणीसाठी 1098 आणि एचआयव्हीबद्दलच्या माहितीसाठी 1097, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.